न सुटलेली गोळी

अहो,

तेरावं झालं. मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, पाहुणे आपापल्या गावी गेले. मयुरीने नाशिकच्या ऑफिसातून रजा वाढवून घेतली आहे. आपली लेक आता माझ्यामागे घरभर फिरते, मीच लहान मूल असल्यासारखी. आत्ता दुपारची जरा पडली आहे, म्हणून लिहायला बसले. तुमचे चुलतभाऊ मागे लागले होते, पेपरात द्यायला चार ओळी लिहून द्या म्हणून. जन्म, शिक्षण, सोसायटीचे माजी संचालक, प्रगतिशील शेतकरी. शेवटी त्यांनीच लिहिलं. मला तुमच्याबद्दल कुणाला काही सांगायचं नाहीये. मला तुम्हाला सांगायचंय, आणि तुम्ही कुठे आहात ते मला माहीत नाही.

येणारा प्रत्येक जण ओट्यावर बसतो, पाणी पितो आणि तेच बोलतो. शेजारचे दौलतभाऊ तर रोज येतात. परवा पुन्हा म्हणाले, "वहिनी, बंदूक उडनीच नही. ठासणीनी बंदूक ती. पावसाळी हवा. दारू वल्ली व्हयी गई व्हई." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुमच्या बाजूनेच बोलतात बिचारे. पण गावात आता हीच गोष्ट पक्की झाली आहे. डुक्कर अंगावर आलं, तुम्ही चाप ओढला, दारू ओली निघाली, बंदुकीने दगा दिला. शोकसभेत कुणीतरी माईकवर म्हणालं, असली जुनी हत्यारं वितळवून टाकली पाहिजेत. मी खाली मान घालून बसले होते. तुम्ही असता तर उठून उभे राहिला असता. स्वतःबद्दल कुणी काही बोललं तर तुम्ही ऐकून घ्यायचात. त्या बंदुकीबद्दल नाही.

आजोबांपासून आलेली ती बंदूक. पीकसंरक्षणाचा परवाना दर वेळी तुम्ही नूतनीकरण करून आणायचात, दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालायचात आणि परत खुंटीला लावायचात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, ती शोभेलाच आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी गजाने ठासायची, एकदा उडवली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. असल्या वस्तूने कुणी काय मारणार? मग डोंगरातून डुकरं उतरायला लागली. त्यांच्यामागे रोही, त्या घोड्याएवढ्या नीलगायी. आपला मका कणसावर आला की कळप आत शिरायचा आणि सकाळी शेतात गालिचा अंथरल्यासारखा मका आडवा पडलेला असायचा. तुम्ही वनखात्यात अर्ज केलात. डुक्कर आणि रोही, दोन्हींची परवानगी आली.

पहिल्या रोह्याची आठवण तुम्ही कधी काढली नाहीत. मी काढते.

सकाळचं ऊन होतं. तो बांधावर आडवा उभा होता, एवढा मोठा की आंधळ्यालाही लागावा. तुमची गोळी त्याच्या पोटात लागली. तो उडाला आणि नाल्याकडे पळाला. तुम्ही, मी आणि दौलतभाऊ रक्ताच्या थेंबांमागे चालत राहिलो. ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं. नाल्यात करंजाखाली तो बसलेला सापडला, मान ताठ, जिवंत. बंदूक परत भरायची होती. तुमच्या हातून निम्मी दारू खाली सांडली. गोळी नळीत शिरेना. गज निसटला. आणि तो तेवढा सगळा वेळ तुमच्याकडे बघत होता.

घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. मी म्हणाले, "ती बंदूक ठाण्यात जमा करून टाका. मला ती घरात नको."

तुम्ही म्हणालात, "बंदुकीची चूक नाही, शालू. मला ती येत नाही."

आपलं भांडण तिथे सुरू झालं आणि ते मिटलंच नाही. माझं म्हणणं, सोलरचा झटका लावू, तारेला विजेचा हलका धक्का बसला की जनावर माघारी जातं, कुणाचा जीव जात नाही. तुमचं म्हणणं, रोही तारेवरून उडी मारतो, डुक्कर खालून घुसतं आणि झटका बसतो तो दौलतच्या वासराला. मी म्हणायचे, तुम्हाला मारायची हौस आली आहे. ते खोटं होतं, मला माहीत होतं, तरी म्हणायचे. तुम्ही चिडायचा नाहीत. "या हंगामापुरतं," म्हणायचात. मागच्या हंगामालाही तेच म्हणाला होतात.

आणि तरी तुमच्या त्या सरावात मी कशी गुंतत गेले, सांगा ना? शेततळ्याच्या भरावाला टेकवून तुम्ही डाळिंबाचा रिकामा खोका ठेवायचात, त्यावर कोळशाने गोल. मी चहा घेऊन यायचे आणि तिथेच दगडावर बसायचे. पहिल्या दिवशी एक गोळी खोक्याच्या कोपऱ्यात, एक मातीत, एक कुठे गेली देव जाणे. आजोबा दारू तळहातावर अंदाजाने घ्यायचे, तुम्हीही तसंच करत होता. मग तुम्ही सटाण्याच्या लेथवाल्याकडून पितळेचं छोटं माप करून आणलंत. हळूहळू कळलं की दारू कमी घातली तर गोळी जास्त सरळ जाते. तुम्ही ते मला असं सांगितलंत, जणू मीच पैज लावली होती. शिशाच्या गोळ्या तुम्ही माझ्या गॅसवर ओतायला लागलात आणि त्या वासावरून मी तुम्हाला गोठ्यात हाकललं. तिथे तुम्ही सोनाराच्या जुन्या तराजूत एकेक गोळी तोलायचात. हलकी भरली की आत पोकळी आहे म्हणायचं आणि परत वितळवायची. एकेक बार उडाला की नळीतली काजळी ओल्या फडक्याने पुसायची, मगच पुढचा बार. गजावर तुम्ही एक खूण केली होती, गोळी दर वेळी तेवढीच खोल बसायला हवी म्हणून. दौलतभाऊ बांधावरून हसायचे, "डुकरं मका खाई राहिनात आना हाऊ पुठ्ठा मारी राहिना!"

एवढं करून गोळ्या पांगतच होत्या. एके दिवशी तुम्ही हताश होऊन शेततळ्याच्या कडेला बसलात. मी सहज पुढे गेले तर गवतात कापडाचे तुकडे पडलेले दिसले. गोळीभोवती गुंडाळून ठासता ते फडकं, गोळीबरोबर बाहेर येऊन गळून पडतं ते. मी उचलून बघितले. सगळे मधोमध फाटलेले, कडा जळालेल्या. येवल्याच्या मागावर वाढलेली मुलगी मी. बापाने मला पाढ्यांच्या आधी कापड हाताने ओळखायला शिकवलं. मी म्हणाले, "हे कसलं कापड लावताय? विरळ आहे. आत जातानाच फाटतंय. नळीच्या आत पिळाचे आटे आहेत, त्यांना ते धरणार कसं, आणि गोळी फिरत सरळ जाणार कशी?"

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं लग्नानंतर पहिल्या वर्षी बघायचात.

मग मी माझ्या माहेरून आलेल्या गादीची खोळ काढली. निळ्या पट्ट्यांचं घट्ट विणीचं कापड, वर्षानुवर्षं धुऊन खळ पार निघून गेलेली. तुम्ही नको नको म्हणत होता. मी कात्री चालवली. मेण आणि एरंडेल तेल एकत्र गरम करून त्यात ते गोल तुकडे भिजवले. दुसऱ्या दिवशी तुम्ही पहिला बार काढलात आणि धावत जाऊन गवतातून तुकडा उचलून आणलात. अख्खा होता. कडेला फक्त धुराचा डाग. त्या दिवशीच्या सगळ्या गोळ्या एका वाटीखाली झाकता आल्या असत्या. तुम्ही काळ्या हातांनी माझा चेहरा धरलात. शेतात, भरदिवसा, दौलतभाऊ बघत असताना. मी लाजले आणि रागावले. आज तो काळा डाग गालावर परत हवा आहे, आणि मिळत नाही.

त्यानंतर तुम्ही एकच रोही मारलात. तो चरता चरता जागच्या जागी बसला, इतकंच. वनखात्याच्या गार्डबाई पंचनाम्याला आल्या, खड्डा खणला, पुरला. तुम्ही मातीवर हात ठेवून बसून राहिला होतात. "त्याला कळलंसुद्धा नाही, शालू," म्हणालात. मला तेव्हाही वाटत होतं की मारू नये. पण मारणारा तुमच्यासारखा असावा, असंही वाटलं होतं. ते म्हणायचं राहून गेलं.

आता त्या सकाळचं.

एकट्या सुळेवाल्या डुकराचा माग होता. मक्यात शिरल्याचं दिसलं होतं, बाहेर पडल्याचं नाही. तुम्ही शेततळ्याच्या बाजूला थांबायचं, मी कोपऱ्यावरून तेलाचा रिकामा डबा वाजवायचा, ते भरावाच्या दिशेने निघालं की मागे माती असेल तेव्हाच गोळी, असं ठरलं होतं. तुम्ही मला जागा दाखवून दिलीत. मी तिथेच होते. मी डबा वाजवला. ते भरावाकडे निघालं आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, वळलं. मक्याच्या आडव्या पडलेल्या पट्ट्यात येऊन थांबलं, तोंड तुमच्याकडे. कोपऱ्यावरचा बांध त्याच्या बरोबर मागे होता आणि बांधावर मी.

बंदूक तुमच्या खांद्याला लागलेली मला दिसली. नळीवरून तुमचे डोळे दिसले. तुम्ही डुकराकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

तुम्ही माझ्याशी नेहमी मराठी बोलायचात आणि घरच्यांशी अहिराणी. ती भाषा मला सगळी कळते, पण कधी जिभेवर बसली नाही. त्या दिवशी तुम्ही मला तुमच्या भाषेत हाक मारलीत. "शालू, खाले बठ!"

मी लगेच बसले. बांधापलीकडच्या पाण्याच्या चारीत उडी टाकली आणि चिखलात बसले. बांधाची सगळी माती माझ्या आणि तुमच्या मधे होती. मी ओरडले, "बसले! चारीत आहे!" परत ओरडले. आणि मग सरावाच्या वेळी करायचे तसे कानांवर हात घट्ट दाबून धरले आणि बाराची वाट बघत बसले.

बार झाला नाही.

किती वेळ तशी बसले माहीत नाही. हात काढले तेव्हा मला ऐकू आलं ते मी लिहिणार नाही. तुम्हाला माहीत आहे. दौलतभाऊ धावत आले, कुणीतरी पिकअप आणली, तुमच्या मांडीवर मी साडीचा बोळा दाबून धरला होता आणि तो माझ्या हाताखाली गरम होत होता. तुम्ही एकदा डोळे उघडलेत, मला बघितलंत. धड दिसले की नाही मी? ओठ हलले, शब्द नाही आला. सटाण्याच्या अलीकडेच तुमचा हात जड झाला. मी ड्रायव्हरला सांगितलं नाही. तो वेगाने चालवत होता, त्याला चालवू दिलं.

दवाखान्यात नर्सने तुमचं घड्याळ, अंगठी आणि एका कागदात कापसाचे दोन बोळे माझ्या हातात दिले. "कानांत होते," म्हणाली. पहिल्या रोह्यानंतर तुमचा कान महिनाभर वाजत होता, डॉक्टरांनी दटावलं होतं. तेव्हापासून तुम्ही कापूस घातल्याशिवाय बार काढत नव्हता. मला माहीत होतं. मला ते इतकं माहीत होतं की त्या सकाळी ते आठवलंच नाही. मी हातातला कापूस बघत राहिले आणि मयुरीचा फोन वाजत राहिला.

दुसऱ्या दिवशी पोलीस पंचनाम्याला आले. बंदूक मक्यात तशीच पडलेली होती, घोडा चढवलेला. कुणी हात लावायला तयार नव्हतं. मी म्हणाले, "साहेब, ती भरलेली आहे. मी रिकामी करते." हवालदार वयस्क होते. त्यांनी दस्ता घट्ट धरला, नळी भरावाकडे केली. मी घोडा धरून सावकाश उतरवला, त्याच्याखालची ठिणगीची टोपी काढली. मग गजाच्या टोकाला गोळी उपसायचा तुमचा तो स्क्रू लावला आणि आत सोडला. तुम्ही मला दाखवलं होतंत तसा फिरवला, दाब देऊन. गोळी कुरकुरत वर आली. तिच्याभोवती निळ्या पट्ट्याचं कापड, तेलकट, अख्खं. मग नळी उलटी केली आणि खाली पेपर धरला.

दारू कोरडी होती. वाळूसारखी सळसळत पडली, पेपरवर काळी रास झाली. मी चिमूटभर बोटांत चोळली. दौलतभाऊ बघत होते. त्यांनी मान फिरवली. तरी ते अजून ओट्यावर येऊन दारू ओली होती असंच म्हणतात, आणि मला आता कळतं की ते कुणासाठी म्हणतात. दारू कोरडी होती असं म्हटलं तर पुढचा प्रश्न येतो. मग तुम्ही चाप का ओढला नाहीत? त्याचं उत्तर गावाला माझ्या तोंडावर बोलायचं नाही.

पण मला तर रोज तेच एक दिसतं. कधी मला तुमचा राग येतो, असा की भांडं आपटावं. कुणी सांगितलं होतं एवढं नेमाचं वेड घ्यायला? आंधळेपणाने बार काढणारा माणूस असता तर काढला असता, आणि कदाचित ती गोळी मातीत गेली असती, आणि आवाजानेच डुक्कर पळालं असतं, आणि तुम्ही आत्ता आत येऊन चहा टाक म्हणाला असता. कधी वाटतं, मी जिवंत आहे ती या एकाच गोष्टीमुळे की माझ्या नवऱ्याला समोरचं पुरतं दिसल्याशिवाय गोळी सोडता येत नव्हती. हे उपकार मी कुठे ठेवू? मला नको होते. मी मागितले नव्हते.

काल मी मयुरीला घेऊन शेतात गेले. ती म्हणाली, "आई, काय करतेयस तू? चल घरी." मी तिला बांधावर उभं केलं, हात खाली केला की बस आणि तसं ओरडून सांग म्हणाले, आणि तुमच्या जागेवर जाऊन थांबले. बांधाच्या कडेची तूर वाढली आहे, त्या वेळीही होतीच. मयुरी कंबरेपासून वर दिसत होती. मी कापूस काढला, कागदातला तोच, आणि दोन्ही कानांत घातला. हात खाली केला. ती दिसेनाशी झाली. तूर हलली, थांबली. पानांमागे काहीतरी गडद होतं. तिची ओढणी असेल, सावली असेल. ती चारीत उतरली की तुरीमागेच वाकून बसली, मला सांगता येईना. मी डोळे फाडून बघत होते आणि सांगता येईना. तुम्हाला तर तेवढा वेळही नव्हता.

थोड्या वेळाने ती बांधावर आली, मग धावत माझ्याकडे. तिचे ओठ हलत होते. मी कापूस काढला.

"किती ओरडले मी, आई! बसले, बसले म्हणून. ऐकू नाही का आलं?"

"नाही गं," म्हणाले, आणि तिथेच मक्याच्या ताटांवर बसले. तिने मला पोटाशी धरलं आणि तीही रडायला लागली. तिला काय कळलं, किती कळलं, मी विचारलं नाही.

अहो, मी बसले होते. पहिल्याच हाकेला बसले होते. दोनदा ओरडून सांगितलं तुम्हाला. मधे सगळी माती होती, मला काही झालं नसतं. तुम्ही गोळी सोडायला हवी होती. सोडायला हवी होती हो.